मागचा उजवा दिवा

दादा दुकानात आला तेव्हा मी वायपरची रबरं खिळ्याला अडकवत होते. आल्या आल्या त्यानं एक जळका बल्ब काउंटरच्या काचेवर ठेवला आणि माझ्या डोक्यावरून आत मालकांना ओरडून म्हणाला, "असाच एक द्या. पिकअपचा. मागचा, उजवा."

माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. वडील गेले त्याच आठवड्यात त्यानं खुंटीवरची पिकअपची किल्ली काढून खिशात घातली, तेव्हाही पाहिलं नव्हतं. "बाईमाणसानं गाडी हाकत फिरायचं, लोक काय म्हणतील?" एवढंच म्हणाला होता. सहा वर्षं मी वडिलांबरोबर ती गाडी चालवली, डेअरीचे कॅन चढवले, उतरवले. तेव्हा लोक काय म्हणत होते हे त्याला कुठून ठाऊक असणार? तो सासरवाडीत पाय पसरून बसला होता. कागदांवर वडिलांनी आम्हा दोघांची नावं घातली होती, पण किल्ली एकच होती. मी भांडले, रडले आणि शेवटी या स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला लागले. राग मात्र तसाच राहिला. खरं सांगायचं तर मीच त्या रागाला रोज खाऊपिऊ घालत होते.

मालकांनी आतूनच सांगितलं, "तिला दाखवा. दिव्यांचं सगळं तीच बघते."

दादाचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी बल्ब उचलून उजेडात धरला. आत एकच तार, बुडाला एकच टोक. कडेच्या दोन बारीक खुंट्यांपैकी एक चक्क घासलेली.

"कानस मारलीस का रे हिच्यावर?"

"बसत नव्हता."

"मग?"

"मग बसवला." तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "तू दे ना गं मुकाट्यानं. गाडीच्या पुस्तकात बघूनच घेतोय मी. दोनदा नवा टाकला, दोनदा गेला."

"ब्रेक दाबला की समोरचे मीटरचे दिवेपण लागतात ना?"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगायला कशाला हवं? पुस्तक त्या गाडीचं होतं, उजवा दिवा त्या गाडीचा नव्हताच. जुना फुटला तेव्हा वडिलांनी भंगारातून नंतरच्या मॉडेलचा आणून बसवला होता, आणि शेजारी टॉर्च धरून मी उकिडवी बसले होते. डावीकडे एका तारेचा बल्ब चालतो. उजवीकडे दोन तारांचा लागतो, एक मंद जळणारी आणि एक ब्रेकची. त्याची एक खुंटी वर असते, एक खाली, म्हणजे तो उलटा बसूच नये. एका तारेचा तिथे कोंबला की आतली दोन्ही टोकं एकमेकांना चिकटतात आणि सगळ्या दिव्यांचा खेळखंडोबा होतो.

"काल तपासणीत नापास केली," दादा म्हणाला. "आज चारच्या आत पास झाली नाही, तर डेअरी उद्यापासून दुसरी गाडी लावणार आहे."

ऐकून माझ्या जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू! चुकीचा बल्ब हातावर ठेवावा आणि जा म्हणावं, असंही मनात आलं. पण गाडी माझीही होती. तिच्यात वाकडंतिकडं काही घालायला हात होईना. मी दोन तारांचा बल्ब काढला, पेचकस घेतला आणि बाहेर आले.

लाल काच उघडली, आतला गंज खरवडला, बल्ब दाबून फिरवला. टक्क करून बसला. काच लावून मी सरळ उभी राहिले.

"बस आत. दाब ब्रेक."

त्यानं दाबला. दिवा असा झळकला की माझ्या ओढणीवर लाल उजेड पडला.

"लागला का?" त्यानं आतून विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

ब्रेकचा दिवा चालवणाऱ्याला दिसत नाही. बघायला उतरावं तर पाय निघतो आणि दिवा विझतो. त्यासाठी मागे माणूस लागतो, आणि दादानं एकाही माणसाशी धड ठेवलं नव्हतं.

"आता?"

"नाही रे. जोरात दाब."

समोर पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून बसला होता. गेल्या महिन्यात दादानं त्याला भर रस्त्यात चोर म्हटलं होतं. त्यानं दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मन लावून बुडबुडे शोधू लागला.

"आता तरी?"

"छे! काही नाही."

चौथ्यांदा विचारून झाल्यावर दादा दार आपटून खाली उतरला. घामानं निथळत होता. मला गंमत वाटत होती, पण रागाचं पोट काही भरत नव्हतं. इतक्यात तो म्हणाला, "हो बाजूला. तुझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. तू बस आत, मी बघतो. ब्रेक तरी दाबता येतो ना अजून?"

"बघते, जमलं तर."

मी आत बसले. सीट त्यानं पार मागे सारली होती, ती पुढे ओढली. आरसा खाली केला. किल्ली समोर लटकत होती.

"इंजिन चालू कर आधी!" तो मागून ओरडला. "बॅटरी उतरली असेल!"

त्यानंच सांगितलं म्हणून मी चालू केलं.

"दाब!"

दाबला.

"लागला! अगं लागला की! कधीचा लागत असणार हा, आंधळे!" तो मनापासून खूश झाला होता. पंक्चरवाला खो खो हसत सुटला. "बास, सोड आता!"

मी सोडला आणि पहिला गिअर टाकला.

"मालक, जेवणाची सुट्टी आत्ताच घेते!" खिडकीतून एवढंच ओरडले. आरशात दादा हात हलवत धावत होता. चप्पल सुटली तसा थांबला.

कोपऱ्यावर रस्ता मोकळा होता, ब्रेकची काही गरज नव्हती. तरी मी दाबला आणि चांगला धरून ठेवला. डावा, उजवा, दोन्ही त्याला नीट दिसू देत म्हटलं. मग तपासणीच्या रस्त्याला लागले. चार वाजायला अजून वेळ होता.