मुठीवरचा लाल चिमटा

पेन्सिलीचं टोक पुन्हा एकदा बोटावर टेकवून तिनं पाहिलं — टोचतंय, म्हणजे ठीक — आणि ती इतर पेन्सिलींशेजारी, सगळी टोकं एका दिशेला येतील अशी ठेवली. पुस्तक उघडं, बाटली डावीकडे, खुर्ची टेबलाला नीट लागलेली, आणि दाराच्या बाहेरच्या मुठीवर कपडे वाळत घालायचा लाल चिमटा. लाल चिमटा म्हणजे आत अभ्यास चालू, कुणी यायचं नाही. नियम तिचाच. आणि घरानं तो असा काही पाळला होता की तिला आता संतापच यायचा. एकदा तरी कुणी मोडावा, खेकसायची संधी तरी द्यावी! पण नाही. सासूबाई भांडी हलक्या हातानं ठेवत होत्या, नवरा फोन घेऊन जिन्यात जात होता, आणि मुलगी... मुलगी चवड्यांवर चालत होती.

आणि आत? आत सकाळपासून तेच पान.

वरिष्ठ परिचारिकेच्या परीक्षेला वयाची अट होती आणि ही तिची शेवटची खेप. हुकली तर नोकरी संपेपर्यंत रात्रपाळ्या, रोज मुलीला फोनवरून ‘झोप आता’ म्हणायचं. हे सगळं तिला पाठ होतं. पाठ व्हायला हवं ते मात्र होत नव्हतं. नवरा म्हणायचा, जरा ठरवून बस, वेळ वाटून घे. अरे, अख्खा वॉर्ड मी सांभाळते, कुठल्या खाटेवर कुणाला काय द्यायचं, केव्हा द्यायचं, हे मी झोपेतही सांगेन, आणि हा मला वेळ वाटायला शिकवतोय! मग हे एक पान का हलत नाही? आळशी म्हणावं तर सकाळपासून मी क्षणभर रिकामी नाही — टेबल पुसलं, पुस्तकं क्रमानं लावली, पेन्सिलींना टोकं काढली, टेबल पुन्हा पुसलं...

तिचा हात थांबला. फडकं अजून हातातच होतं. हे टेबल तिनं कुठंतरी पाहिलं होतं. स्वच्छ, सगळं एका रेषेत, हात पोचेल असं... ही तर ड्रेसिंगची ट्रॉली! इतकी वर्षं हेच तर केलं — कात्री, बोळे, पट्ट्या, सगळं मांडायचं आणि बाजूला उभं राहायचं. डॉक्टर येतात, हात पुढे करतात, काम सुरू होतं. आजही तिनं सगळं चोख मांडलं होतं, कुणाला बोट ठेवायला जागा नाही, आणि सकाळपासून ती वाट बघत होती. कुणाची? या खोलीत कोण येणार होतं? दाराला तर चिमटा लावलेला.

तिला हसू आलं, आणि लगेच स्वतःचीच इतकी चीड आली की फडकं तिनं कोपऱ्यात भिरकावलं. तहान लागली होती. इतकी नेमकी डावीकडे ठेवलेली बाटली रिकामी होती. बाहेर जावं तर सगळ्यांच्या नजरा विचारणार, झालं का वाचून? ती दारापर्यंत गेली, मुठीवर हात ठेवला, आणि नुसतीच उभी राहिली.

पलीकडे मुलगी कुजबुजत होती.

“आजी, परीक्षा झाली की आई रात्री घरी असणार ना?”

“पास झाली की असेल.”

“आणि नाही झाली तर?”

एक भांडं हलकेच ठेवल्याचा आवाज आला. मुलगीच म्हणाली, “मग मी आणखी हळू चालते.”

मुठीवरचा हात खाली आला. दार उघडावं आणि सांगावं, धाव, दणादण पाय आपट, तुझी पावलं माझ्या अभ्यासाच्या आड येत नाहीयेत गं... पण हे सांगायला तोंड कुठं होतं? ती खुर्चीवर येऊन बसली. एक पेन्सिल उचलली, रांग मोडली. पानावरची पहिली ओळ सकाळचीच, तितकीच रुक्ष; तिनं तिच्याखाली रेघ ओढली आणि दुसरीवर गेली. बाहेर चवड्यांवरची पावलं दारावरून पुढे गेली. त्यांचा आवाज असा नव्हताच. तरी तिला एकेक पाऊल ऐकू येत होतं, आणि आता कुणाचीही वाट बघणं तिला जमत नव्हतं.