आधी चाक उचला

मी एक जुना बोल्ट आहे. मित्रांनो, आत्मवृत्त जन्मापासून सांगावे असा शिरस्ता आहे. तर माझा जन्म एका कारखान्यात, लालबुंद सळईच्या टोकातून झाला. माझ्या अंगावर एकसारखे, धारदार आटे पाडले. ते आटे पाहून तिथला कारागीर म्हणाला होता, की

थांबा. पाना आला.

गेला. कारागीर काय म्हणाला ते राहू द्या. बालपण आवरते घेतो.

मी एका जुन्या मोटारीच्या पोटाखाली राहतो. पुढच्या चाकापासून मागे एक लांब पोलादी कांब गेलेली आहे. ती पिळलेली असते आणि त्या पिळावर गाडीचे नाक वर राहते. कांब सारखी उलगडायला बघते. तिला उलगडू न देणे, एवढेच माझे काम. मला आवळले की गाडी वर येते, सैल केले की बसते. माझ्या धन्याला हे पाठ होते. मला हात लावण्याआधी तो चाक जमिनीवरून उचलायचा, तेल सोडायचा, मग लहान मुलाचा कान धरावा तसा हलकेच फिरवायचा. त्या वर्षांत मी

पुन्हा आला. आई गं.

तो धनी आता बाहेर अंगणात चाकांच्या खुर्चीत बसला आहे. आजारपणात त्याचे गुडघे आखडले. आणि इथे शेडमध्ये, माझ्याखाली, जमिनीला पाठ टेकून त्याची लेक पडली आहे.

धन्याची थोरली बहीण, आक्का, दुसऱ्या गावी अंथरुणाला खिळली आहे. सकाळी फोन आला, "भेटायचं असेल तर आजच या." दारात भाड्याची गाडी आली, तर हा हटून बसला. "आक्काला सासरी मी याच गाडीतून सोडलं. जाईन तर हिच्यातूनच." पण चालकाशेजारची बाजू, माझी बाजू, इतकी खाली बसली आहे की आखडलेल्या गुडघ्यांनी त्याला सीटपर्यंत वाकता येत नाही.

"सुंभ जळाला तरी पीळ काही जाईना," त्याची बायको म्हणाली. "बापाचा नि लेकीचा, दोघांचाही!" कारण भाड्याची गाडी परत पाठवून लेकीने पाना काढला होता.

पहिल्यांदा तिने सगळे रीतसर केले. जॅक लावला, टेकू ठेवला, मला आवळले, गाडी खाली सोडली आणि लगेच उंची मोजायला टेप लावला. "आई, चार बोटं वर आली!"

मित्रांनो, ती उंची खोटी होती. जॅक काढल्यावर चाके आत ओढलेली राहतात, टायर जमिनीला धरून बसतात. गाडी चवड्यांवर उभी असल्यासारखी उंच दिसते. थोडी पुढे-मागे ढकलली की ती पाय पसरते आणि खरे काय ते सांगते. धन्याला हे ठाऊक होते, पण शेडच्या आत कुणी कधी टेप लावला, हे त्याला अंगणातून कसे दिसावे?

गाडी अंगणात ढकलत आणेपर्यंत बसली. धन्याने एक हात दाराला, दुसरा बायकोच्या खांद्यावर ठेवून वाकून पाहिले. गुडघा अडला. तो ओरडला नाही. नुसता खुर्चीत मागे पडला आणि म्हणाला, "अजून थोडी वर घे गं, बाळा."

अजून थोडी! गाडी पुन्हा शेडमध्ये. दुसऱ्यांदा तेच झाले, तशीच फसगत. तिसऱ्यांदा ती जॅकसाठी थांबलीच नाही. "आता कोण उचलत बसतंय!" म्हणाली आणि पान्याला लांब पाइप लावून तशीच आत सरकली.

तेच आता चालले आहे. सगळा भार अंगावर असताना मला फिरवताहेत. माझे आटे सोलून निघताहेत. त्यांची चुरी तिच्या गालावर पडते, ती गंज समजून पुसते. बाळा, तो गंज नाही गं, तो मी आहे! धरायला मोजके आटे उरलेत आणि तुझ्या छातीवर गाडीचे नाक आहे. मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे, तुम्ही सांगा तिला. बाहेर ये म्हणावे. आधी चाक उचल म्हणावे. कुणीतरी

पाना.

"फिरतोय, आई! सोपा झाला बघ आता!"

सोपा झालो, कारण आता धरवत नाही.

"सोपा झाला ना? मग ये बाहेर नि तोंड धू," आई म्हणाली. "आक्का तुला बघून आहे तो जीवही सोडेल."

"एकच वेढा."

आता सुटलो तर ही जाईल. तग धरला तर पुढे भर रस्त्यावर तिघेही. कुठे सुटू, सांगा ना? कुठे?

वेढा पुरा झाला. टेप बाहेर राहिला होता, म्हणून ती सरपटत निघाली. डोके. खांदे. कंबर. मी शेवटच्या आट्याला दातांनी धरून होतो. एक पाय निघाला. दुसऱ्याची चप्पल अडकली. सोड ती चप्पल, बये, सोड! तिने चप्पलही सोडवून घेतली.

आणि मी सुटलो.

बार उडाल्यासारखा आवाज झाला. गाडीचे नाक खाली आदळले. जिथे ती पडली होती तिथे आता उशीसुद्धा मावली नसती.

मी गडगडत तिच्या पायाशी गेलो. "मेल्या, आजच मोडायचं होतं तुला?" म्हणून तिने मला भिंतीवर भिरकावले आणि ढसाढसा रडू लागली. आईने तिचे काळे तोंड छातीशी धरले.

धनी खुर्ची ढकलत स्वतःच आत आला. त्याने चाक पाहिले. कोपऱ्यातला जॅक पाहिला. लेकीच्या पाठीला लागलेली माती पाहिली.

"तू खाली होतीस?"

"हो."

"चाक न उचलता?"

त्याने तिच्या पाठीवरची माती हाताने झटकली. मग तो बायकोला म्हणाला, "बोलाव ती भाड्याची गाडी."

गेले ते. आक्का भेटली की नाही, मला ठाऊक नाही. मी भिंतीच्या कडेला पडलो आहे, खिळ्यासारखा गुळगुळीत. माझ्या जागी नवा बोल्ट येईल. मित्रांनो, त्याला तेल द्या, त्याच्या अंगावरचा भार आधी उतरवा. कुरकुर करत असेल तोवर तो तुमच्यासाठी झटतो आहे असे समजा. पण भाराखाली तो एकाएकी सोपा झाला, तर खूश होऊ नका.

बाहेर या.