ओळंब्यासमोरची बैठक

पुन्हा एक कवळी परत आली. डबा उघडायच्या आधीच तक्रार काय असणार हे ताईला ठाऊक होतं. चावायला त्रास नाही, हिरडीला टोचत नाही, पण माणूस हसला की दातांची रांग एका बाजूला उतरलेली दिसते. मागच्या वेळच्या डॉक्टरांनीही फोनवर हेच सांगितलं होतं.

कवळ्या बनवणाऱ्या त्या लहानशा लॅबमध्ये दात मांडायचं काम ताईचं. मेणाच्या हिरडीवर गरम चाकूने एकेक दात बसवायचा आणि पुढच्या दोन दातांमधली रेघ अगदी उभी आणायची. हे काम ती वर्षानुवर्षं मान मोडून करत आली होती आणि त्याचा तिला अभिमान होता.

"डोळे तपासलेस?" मॅडमनी विचारलं. लॅब त्यांचीच.

"तपासले. चष्मा बरोबर आहे."

"मग काय बिघडलंय ते तू शोध. पुढच्या खेपेतली एक जरी परत आली, तर तू प्लास्टर कालवायला जा. दात दुसरं कुणीतरी मांडेल."

प्लास्टर कालवणं काही वाईट काम नव्हे. पण दात मांडणं ताईचं होतं, आणि ते हातचं जाऊ द्यायची तिची मुळीच तयारी नव्हती.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा गवंडी. तो म्हणाला, "रेघ सरळ आहे का, हे डोळ्याला कशाला विचारतेस? डोळा लबाड असतो. आम्ही भिंत ओळंब्याला विचारतो." आणि त्याने पिशवीतून आपला जुना ओळंबा काढून दिला. दोरी आणि तिच्या टोकाला लोखंडी वजन, बस्स.

दुसऱ्या दिवशी ताईने तो टेबलावरच्या दिव्याला टांगला आणि मागे दात धरून बघितलं. दात झकास सरळ होते. तिरका होता तो ओळंबा.

तिने पंखा बंद केला. दिवा हलवला. मग नवऱ्याच्या धंद्याचा उद्धार सुरू केला, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून तिच्यामागे येऊन उभा राहिला. तो दिवसभर धातूच्या दातांना कानस मारायचा, म्हणून त्याला सगळे कानसदादाच म्हणत.

"ओळंब्याला नावं ठेवू नकोस," तो म्हणाला. "आहेस तशीच बस. हलू नकोस." आणि त्याने तिच्यासमोर आरसा धरला.

आरशातल्या बाईने सगळा भार उजव्या कोपरावर टाकला होता. डावा कुल्ला स्टुलावरून अर्धा उचललेला, पाठीला पोक, आणि डोकं उजव्या खांद्याकडे असं कललेलं, जणू खांदा काहीतरी कानात सांगतोय.

"ही मी?"

"मग काय मी?"

ताईला स्वतःचाच संताप आला. इतकी वर्षं ती लोकांच्या तोंडात स्वतःचं वाकडं बसणं मांडत आली होती. पण तो संताप कामी आला. तिने तिथल्या तिथे स्टूल खाली केलं, पाय पुरते जमिनीला टेकवले, दोन्हीकडे सारखा भार दिला. कामाखाली लाकडी ठोकळे रचले, म्हणजे डोळ्यांनी खाली वाकायला नको, दातांनीच वर यावं.

गंमत अशी की सरळ बसलं की तिला आपण डावीकडे पडतोय असं वाटे. अंग म्हणे पडलीस, दोरी म्हणे नाही. तिने दोरीचं ऐकायचं ठरवलं. पाठ अशा जागी दुखायला लागली, ज्या जागा आपल्याला आहेत हेच तिला माहीत नव्हतं. कोपर तर ताटाकडे सरकणाऱ्या मांजरासारखं हळूच टेबलावर यायचं.

"ताई, कोपर," कानसदादा मान वर न करता म्हणायचा.

कामाचा वेग उतरला. मॅडम येता-जाता घड्याळ बघू लागल्या. ताई हटली नाही. पाठ आखडली की उठून खिडकीपर्यंत जायची आणि पुन्हा येऊन पहिल्यापासून नीट बसायची.

पण एक विचार तिचा पिच्छा सोडेना. तिने एकटीने मांडलेली पहिली कवळी तिच्या वडिलांच्या तोंडात होती. सुट्टीच्या दिवशी ती पर्समध्ये ओळंबा टाकून त्यांच्याकडे गेली. बाबांनी दार उघडलं आणि नेहमीसारखे हसले, डोकं उजव्या खांद्याकडे कलतं करून. सगळं घर त्याला बाबांची लकब म्हणायचं.

"बाबा, मान सरळ करा."

त्यांनी केली, पण ओठ मिटले.

"आता हसा."

"कारण नसताना?"

"हसा म्हणते ना."

ते हसले. ओळंबा काढायची गरजच पडली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दाढी आरशात बघूनच करतो मी."

"मग बोलला का नाहीत?"

"पहिल्या दिवशी तू समोर उभी होतीस. इतकी खूश होतीस की काय सांगू. म्हटलं, मान जरा कलती केली की भागतंय."

ताईला रडू आवरेना. डोळे पुसून ती म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे जाऊन माप द्या. नवीन करणार आहे मी."

ती खेप गेली. तक्रारीचा फोन आला नाही. मॅडमनी प्लास्टरचा विषय पुन्हा काढला नाही, आणि त्या लॅबमध्ये कौतुक करायची हीच रीत होती.

बाबांची नवी कवळी तिने सगळ्यांत शेवटी मांडली. डॉक्टरांनी ती बसवून दिली. घरी आल्यावर बाबा तिच्याकडे बघून हसले आणि डोकं सवयीने उजव्या खांद्यावर गेलं. सरळ दात आता उलट्या बाजूला कललेले दिसले.

"बाबा, मान."

"अगं, ती आता तिकडेच जाते. या वयात कुठे सुधारणार?"

"माझीही तिकडेच जात होती." तिने आरशासमोर खुर्ची ओढली आणि खिडकीच्या कडीला ओळंबा टांगला. "बसा. पाय जमिनीवर. दोन्हीकडे सारखा भार. आता नाक दोरीच्या रेषेत आणा."

बाबांनी कुरकुरत आणलं. मग घाबरून खुर्चीचा हात धरला. "डावीकडे पडतोय गं मी."

"तसंच वाटतं. पडत नाही," ताई म्हणाली. ती शेजारी स्टूल घेऊन ताठ बसली आणि तिने त्यांचा दुसरा हात धरला. "हसा आता. माझ्यासाठी मान वाकडी करायची नाही."