नटावरचा पांढरा ठिपका

आमच्या गॅरेजचा एक नियम आहे, आणि तो बाबांचा आहे. बोल्ट ज्याने आवळला, त्यानेच त्याच्या नटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. तो बोल्ट पुन्हा कधी सैल करायची वेळ आली, तर आधी थिनरच्या बोळ्याने ठिपका पुसायचा आणि मगच पाना लावायचा. या नियमाचा मला मनापासून कंटाळा होता. बाबांना मी म्हणायचो, आपण गाड्या दुरुस्त करतोय की शाळेच्या वह्या तपासतोय? ते हसायचे आणि ठिपका देत राहायचे. गिऱ्हाइकं त्यांना ठिपकेकाका म्हणायची आणि मला माझी ताई म्हणायची घाईमास्तर. दोन्ही नावं अगदी बरोबर होती.

बाबा त्र्याहत्तर वर्षांचे. बाकी सगळं काम त्यांनी माझ्या हवाली केलं होतं, फक्त शेवटचं आवळणं स्वतःकडे ठेवलं होतं. त्यासाठी त्यांचा एक लांब दांड्याचा पाना होता. हवा तेवढा जोर लागला की तो टिक् असा आवाज करतो, मग पुढे दाबायचं नाही. गेल्या वर्षापासून बाबांचं विसरणं वाढलं होतं. चष्मा डोक्यावर ठेवून शोधायचे, एकच गोष्ट दोनदा विचारायचे. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, काळजी करू नका. पण बाबांनी ते मनाला लावून घेतलं. एकदा पाना पुसता पुसता मला म्हणाले, "हा टिक् म्हणतोय आणि मला ऐकू येतंय, तोवर मी शाबूत आहे असं समज."

आता ताईच्या गाडीबद्दल. ताई रोज दोन्ही मुलींना घेऊन हमरस्त्याने शाळेत जाते. ती तिथे शिकवते, मुली तिथेच शिकतात. गाडी दहा वर्षांची. पुढच्या शॉकअ‍ॅब्जॉर्बरमधून तेल गळायचं, ब्रेक मारला की नाक खाली जायचं, प्रत्येक गतिरोधकावर खडखडाट. ती म्हणाली, जसे होते तसेच नवे बसव. पण मला खूप दिवसांपासून कॉइलओव्हरची खाज होती. त्यात स्प्रिंग आणि शॉक एकाच नळकांड्यात येतात, बाहेरून आटे असतात, फिरवून गाडीची उंची हवी तशी करता येते. ताईला त्याचं काय करायचं होतं? काही नाही. मलाच करून बघायचं होतं. रस्ता कसा घट्ट धरेल, वळणावर गाडी कशी झुकणार नाही, असं काय काय सांगून मी ते तिच्या गळ्यात मारले.

बाबांनी डबा उघडून बघितला आणि म्हणाले, साधे बसवले असते तरी चाललं असतं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तुम्हाला नवीन काही नकोच असतं. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि कामाला लागले.

दोघांनी मिळून दिवसभरात काम उरकलं. जुने शॉक काढले, नवे बसवले. वर तीन नट आणि खाली दोन जाड बोल्ट, अशा दोन बाजू. खालचे बोल्ट सगळ्यात महत्त्वाचे, कारण चाक त्यांच्या भरवशावर उभं असतं. बाबांनी एकेक आवळला. टिक्, ठिपका. टिक्, ठिपका. मी स्वतः ऐकलं, शेजारीच उभा होतो. चार वाजता हात धुऊन ते चहाला घरी गेले. जाताना म्हणाले, नव्या स्प्रिंगा आठवडाभर बसू देत, तोवर उंची मोजत बसू नकोस.

मी लगेच मोजली. गाडी खाली घेतली, एक फेरी मारून आलो आणि चाकाच्या कमानीत बोटं घालून बघितली. उजवीकडे चार बोटं, डावीकडे साडेतीन. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं. पण मला ते खुपायला लागलं. ताई सहाला येणार होती. गाडी परत वर घेतली, डावं चाक काढलं, खालचे दोन्ही बोल्ट सोडले, नळकांडं तीन आटे फिरवलं, बोल्ट परत घातले आणि नट छोट्या पान्याने नुसते टेकवले. थिनरचा बोळा हाताच्या अंतरावर खिळ्याला टांगलेला होता. मी त्याला हात लावला नाही. दोन मिनिटांचं काम, त्यात कसलं पुसणं.

बाबांचा पाना आणायला त्यांच्या कपाटाकडे निघालो तेवढ्यात फोन वाजला. ताई लवकर आली होती, फाटकाशी उभी होती. मी फाटक उघडलं, मुलींशी दोन शब्द बोललो, ताईने किती वेळ लागेल विचारलं, मी म्हणालो झालंच. परत आलो आणि बोल्टांकडे बघितलं. दोन पांढरे ठिपके, गोल, स्वच्छ. डोक्याने सांगितलं, झालंय. मी चाक चढवलं, गाडी खाली घेतली आणि किल्ली तिच्या हातात दिली. गाडी काय मस्त झाली म्हणून ती खूश होऊन गेली. मीही खूश.

नटाच्या आत प्लॅस्टिकची एक कडी असते, म्हणून तो लगेच गळून पडला नाही. आठ दिवस टिकला.

नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी, ताई आली. वळताना कट् कट् वाजतंय, स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय. मुली मागच्या सीटवर भांडत होत्या, त्यांना आधी खाली उतरवलं. बाबा म्हणाले, मीच बघतो, आणि मी दिवा धरून उभा राहिलो. चाक निघालं आणि मला सगळं आठवलं. बाबांनी त्या दोन बोल्टांतल्या वरच्याच्या नटाला दोन बोटं लावली. नट फिरला. नुसत्या बोटांनी. खालचा तर शेवटच्या आट्यावर आला होता, अजून एखादा दिवस गेला असता तर बोल्टच निसटला असता. दोन्हींवर ठिपके तसेच.

बाबा आणखी वाकले आणि म्हणाले, "माझा ठिपका आहे."

मी दिवा नटाच्या आणखी जवळ नेला.

"मी आवळलेच नाहीत," ते म्हणाले. "नुसता रंग लावला."

तेव्हा बोलायचं होतं. मी परत उघडलं होतं, एवढंच. तीन-चार शब्द. पण ताई समोर उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, मुली दारातून बघत होत्या, आणि मी दिव्याची वायर सरळ करत राहिलो. मनाशी म्हटलं, ताई गेली की सांगतो. इतका भित्रा आहे मी. गिऱ्हाइकांवर ओरडताना मात्र मोठा शूर.

बाबांनी खिळ्यावरचा बोळा घेतला आणि दोन्ही ठिपके नीट पुसले. त्या गडबडीतही नियम चुकवला नाही. मग लांब दांड्याचा पाना माझ्या हातात दिला. "तू आवळ," म्हणाले. "ठिपकाही तूच दे." मी आवळले. टिक् झालं. त्यांनी मान हलवली आणि हात धुवायला गेले.

ताईने मला कोपऱ्यात घेतलं. ती म्हणाली, "बाबांना वाईट वाटेल, माहितीये मला. पण हे काम आता त्यांच्याकडे नको. माझ्या पोरी होत्या रे त्या गाडीत."

मी म्हणालो, "हो."

आधीचं गप्प बसणं भीतीपोटी होतं, समजू शकतो. पण तो 'हो' मी विचार करून म्हणालो. त्याला माफी नाही, मी तरी देत नाही.

सोमवारी बाबा गॅरेजमध्ये आले नाहीत. मंगळवारीही नाही. म्हणाले, गुडघा दुखतोय. त्यांचा गुडघा माझ्यापेक्षा धडधाकट आहे. मी रोज ठरवायचो, आज संध्याकाळी सांगायचंच, आणि रोज संध्याकाळी काहीतरी काम निघायचं. काम कसलं निघतंय, मीच काढायचो. एका माणसाने आरसा जरा वाकडा बसलाय म्हटलं तर त्याच्या अंगावर असा धावून गेलो की तो गाडी घेऊन दुसरीकडे गेला.

तीन आठवड्यांनी आई गॅरेजवर आली. ती कधी येत नाही. उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसली आणि सांगायला लागली. बाबा गॅस बंद आहे का ते तीनतीनदा बघतात. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातात आणि परत येऊन कुलूप ओढून बघतात. बुधवारी नातींना पोहायच्या वर्गाला न्यायचे, तेही बंद केलं. म्हणतात, मी त्यांना तिथे विसरून आलो तर? ताईनेही फार आग्रह केला नाही. आणि आता एक वही केलीय. गोळी घेतली, नळ बंद केला, पत्र टाकलं, असं सगळं त्यात लिहितात. "काल दात घासल्याचंही लिहिलं होतं," आई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

मी गॅरेजला कुलूप लावलं, भर दुपारी, आणि तिच्याबरोबर घरी गेलो.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, वही मांडीवर. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. साडेतीन बोटं, तीन आटे, न पुसलेले ठिपके, फाटकावरचा फोन. नट मी सैल सोडले, तुम्ही आवळलेले होते, मी टिक् ऐकला होता, दोन्ही वेळा. आणि त्या दिवशी मी मुद्दाम गप्प बसलो. बोलताना मला रडू आलं. चाळिशी उलटलेला माणूस, लाज वाटत नव्हती त्याची, दुसऱ्याच गोष्टीची वाटत होती.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आईकडे बघून हसले.

"हिने पाठवलं ना तुला?"

मी म्हणालो, आईला यातलं काहीही माहीत नाही. आई दारातच उभी होती, तोंडावर हात ठेवून. तिच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं की ती हे पहिल्यांदाच ऐकतेय. पण बाबांनी तिकडे बघितलंच नाही. मी म्हणालो, शपथ घेतो. म्हणालो, ताईला फोन लावतो आणि हेच सांगतो. ते म्हणाले, लाव की, पण तिने काय बघितलंय? खरंच, तिने काय बघितलं होतं? कुणीच काही बघितलं नव्हतं. ठिपकेसुद्धा पुसून झाले होते.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे बघ," म्हणाले, "तू तापट आहेस, घाईचा आहेस, सगळं खरं. पण तुझ्या हातून झालं असतं ना, तर तू त्याच क्षणी बोलला असतास. माझ्यावर येऊ दिलं नसतंस. माझ्या पोराला मी ओळखतो."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. आवाज चढला माझा. ते दोनदा हो हो म्हणाले, आजारी माणसाला म्हणतात तसं, आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

मग त्यांनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. वही उघडली, तारीख घातली आणि सावकाश लिहिलं: मुलगा आला. माझ्यासाठी सगळं स्वतःवर घेत होता. लिहिलेलं एकदा वाचलं, आणि ओळीपुढे पेनाने एक ठिपका दिला.