कच्चा माल, विभाग सातवा

बस आगारातल्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात मी एकवीस वर्षे नोंदी केल्या. त्या काळात माझ्या नोंदवहीत एकही खाडाखोड झाली नाही, हे मी पूर्वी अभिमानाने सांगत असे. वस्तू आली की तिचे वर्णन, ती सापडली ती जागा, ज्याला सापडली त्याचे नाव आणि शेवटी विभाग. विभाग आठ होते. कपडे तिसऱ्यात, छत्र्या चौथ्यात, कच्चा माल सातव्यात.

नियम असा होता, की सापडलेल्या वस्तूवर ती ज्याला सापडली त्याचा हक्क खऱ्या मालकाखेरीज साऱ्या जगाविरुद्ध टिकतो. आणि सहा महिन्यांत मालक आला नाही, तर मालकाविरुद्धही. या उत्तरार्धावरून अनेकांनी माझ्याशी वाद घातला. वस्तू कायमची अधांतरी लटकत ठेवणे हा त्याहून मोठा अन्याय आहे, असे मी म्हणत असे. आजही माझे मत तेच आहे. चूक नियमाची नव्हती.

त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक बाई एक कापडी पिशवी घेऊन आल्या. बसच्या मागच्या बाकाखाली सापडली, म्हणाल्या. पिशवीत गडद निळ्या लोकरीचे विणकाम होते. ते दोन सुयांवर अडकलेले होते आणि त्याला लोकरीचा एक गुंडा लोंबत होता. मालक न मिळाल्यास वस्तू आपल्याला मिळावी असा लेखी अर्ज बाईंनी केला आणि त्या गेल्या.

"स्वेटर लिहू ना, साहेब?" माझ्या मदतनीस बाईंनी विचारले.

"बाह्या कुठे आहेत?"

"होतील की."

"झाल्या की मग तो कपडा. जो अंगात घालता येत नाही तो कपडा नव्हे. लिहा, लोकर, अर्धवट विणलेली, विभाग सात."

"मग पोटातलं मूलसुद्धा कच्चा मालच म्हणायचा!" त्या पुटपुटल्या. मी ऐकले आणि हसलोदेखील. नोंद मात्र माझ्याच शब्दांत झाली.

चौथ्या दिवशी चष्म्याच्या काचा घासणारा एक कारागीर खिडकीशी आला. साठीच्या घरातला, बोटांच्या पेरांत पांढरी भुकटी बसलेली.

"निळा स्वेटर आलाय का? माझाच आहे. म्हणजे, हिनं विणलेला. दवाखान्यात जाताना बसमध्ये राहिला आणि हिला तिथं ठेवूनच घेतलं."

"पूर्ण आहे?"

"झालाच आहे म्हणाली. मला बघू कुठं देत होती! वाढदिवसाला दाखवीन म्हणायची."

मी तिसरा विभाग उघडला. सोळा स्वेटर होते. त्यांतले चार निळे. चारही त्याच्यापुढे मांडले. त्याने प्रत्येकाला हात लावून पाहिला आणि मान हलवली.

"हिचा हात नाही हा. पुन्हा येतो. रोज विचारते हो, सापडला का म्हणून. स्वतःच्या दुखण्याचं राहिलं बाजूला, स्वेटरचीच काळजी लागलीये."

तो पुन्हा आला तेव्हा सव्वा महिना झाला होता. या खेपेस त्याने "ती विचारते" असे म्हटले नाही. नुसतेच "आहे का?" म्हणाला. मी तिसरा विभाग पुन्हा उघडला. तो गेल्यावर मदतनीस बाई म्हणाल्या, "साहेब, त्यांची बायको गेली वाटतं." आमच्या दोघांच्याही ध्यानात सातवा विभाग आला नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने ती नोंद लिहिली होती खरी. परंतु मी सांगितल्याबरहुकूम लिहिली होती, आणि माणूस सांगितलेले लिहितो ते लक्षात ठेवत नाही.

सहा महिने पुरे झाले त्या दिवशी शिवणकामवाल्या बाई पावती घेऊन आल्या, सही करून पिशवी घेऊन गेल्या. पुढे नऊ दिवसांनी कारागीर तिसऱ्यांदा आला.

"आज नमुना आणलाय," तो म्हणाला. "कपाट आवरताना सापडला. निदान रंग तरी जुळवून बघाल."

त्याने कागदाची घडी उलगडली. आत गडद निळ्या लोकरीची एक बाही होती. नुसती, सुटी, कुठेही न जोडलेली.

मदतनीस बाईंनी तोंडावर हात ठेवला. मी खुर्चीवरून उठलो, पुन्हा बसलो.

"तो आमच्याकडे होता," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून. तुम्ही स्वेटर म्हणालात आणि मी कपड्यांत शोधला. अर्धवट होता म्हणून मीच तो दुसरीकडे टाकला होता. चूक माझी आहे. आता तो दुसऱ्याला दिला गेला."

त्याने आरडाओरडा करायला हवा होता. मी वाट पाहत होतो. तो बाहीची घडी घालत राहिला.

"म्हणजे मी पहिल्यांदा आलो तेव्हा इथंच होता?"

"हो. मागच्या खोलीत."

"मग तिला सांगता आलं असतं," तो म्हणाला. "सापडला म्हणून."

कार्यालय मदतनीस बाईंवर सोपवून मी त्याला घेऊन निघालो. असे मी एकवीस वर्षांत कधी केले नव्हते. शिवणकामवाल्या बाई एका अरुंद जिन्यावरच्या खोलीत राहत. दार उघडेच होते. यंत्राजवळ चिंध्यांचा ढीग होता, आणि खिडकीतल्या दोरीवर निळ्या लोकरीच्या तीन लडी वाळत होत्या. प्रत्येकीच्या खालच्या टोकाला वजनासाठी एकेक कात्री लटकवलेली.

मला काही सांगावे लागले नाही. कारागीर लडींकडे पाहत दारातच थांबला.

"उसवलंत?"

"परवाच," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या हातातली बाही दिसताच त्यांचा आवाज खाली आला. "अगं आई! काका, तुमचं होतं का हे? उसवून धुतली. धुतल्याशिवाय लोकरीच्या वळ्या जात नाहीत."

"कायद्याने ती तुमचीच आहे," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे, सवयीने असेल.

"तुमचा कायदा ठेवा तुमच्या खिडकीत!" बाई कडाडल्या. "माझी आहे ना? मग मी देते. काका, मी विणून देते तुम्हाला, अगदी तस्सा."

"नको," तो म्हणाला. "तुम्ही विणलात तर तो तुमचा होईल." मग त्याने विचारले, "ताई, उसवताना तुम्ही बघितलाच असेल ना? कसा होता?"

बाईंनी त्याला स्टुलावर बसवले. स्वतः समोर उकिडव्या बसल्या आणि हात पुसत आठवू लागल्या. मी भिंतीशी उभा होतो.

"पाठ पुरी होती. पुढचा भाग सुयांवर होता. खालची वीण काय घट्ट, विचारू नका! टाका सुटता सुटत नव्हता. हात बसलेला होता त्यांचा."

"हो. फार घट्ट ओढायची. मी चिडवायचो, चिलखत विणतेस का म्हणून."

"छातीपाशी आल्यावर ढिली होत गेली. दोन ओळी उसवून पुन्हा विणल्या होत्या. त्याच्यावर एक टाका घट्ट, एक सैल. मला वाटलं, दुसऱ्या कुणी हातात घेतला असेल."

"नाही," तो म्हणाला. "तीच."

तिचे बळ ओळीओळीने उतरत गेल्याचा दाखला त्या विणकामात होता. तो मी सहा महिने कुलपात ठेवला होता आणि एकदाही वाचला नव्हता.

"कुठवर आली होती?"

"पुढच्या भागात गळा विणायला घेतला होता. चार-पाच ओळी."

"म्हणजे कुठवर?"

बाईंना आधी उमगले नाही. मग त्या उठल्या, त्याच्यापुढे उभ्या राहिल्या, आणि शिवणाऱ्या माणसाने माप घ्यावे तसे त्यांनी त्याच्या गळपट्टीखाली, दोन हाडे मिळतात तिथे, बोट टेकवले.

"इथपर्यंत, काका."

त्याने तिथे आपला तळहात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.