राणी हरवलेला कॅट

मी पत्त्यांचा कॅट आहे आणि माझ्यात बदाम राणी नाही. पहिल्या मालकांच्या सोफ्याच्या फटीत ती गेली असावी. अपुऱ्या कॅटशी कोण खेळणार? त्यांनी मला इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावात, दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपला देऊन टाकलं. तिथे जुन्या जिगसॉ पझल्सच्या शेजारी मी बरेच दिवस पडून होतो.

मग लीलावतीबाई आल्या. नागपूरहून लेकीकडे राहायला आलेल्या. काउंटरवरच्या बाईंनी एक पत्ता कमी असल्याचं सांगितलं, तरी त्या मला घेऊन गेल्या. घरी नातीला म्हणाल्या, "आपल्याला राजा, राणी, गुलाम नकोतच. नुसते आकडे पुरेत."

नात मायरा, तिसरी-चौथीच्या वयाची. दर शुक्रवारी शाळेत टाइम्स टेबल्सची टेस्ट असे आणि दर शुक्रवारी सकाळी तिचं पोट दुखे. तिची आई देविका आयटीत, शाळेत गणितात कायम पहिली. जेवताना ती पाढे विचारी आणि मायराचा घास तोंडातच राही. मग काळजीने देविकाचा आवाज चढे. घरात पत्ते आलेलेही तिला आवडले नाहीत. अभ्यासाचा वेळ फुकट जाईल, असं तिचं म्हणणं.

लीलावतीबाईंनी वाद घातला नाही. मायरा शाळेतून आली की दोघी कार्पेटवर बसत. आधी दहाच्या जोड्या लावल्या : सत्तीला तिर्री, चौकीला छक्की. पुढे प्रत्येकीने दोन पत्ते उलटायचे, गुणाकार करायचा, जिचा मोठा तिने सगळे उचलायचे. मायरा बोटांवर मोजत बसे आणि आजी चहा पीत.

याने काय होणार, असं देविकाने एकदा विचारलंच. लीलावतीबाई म्हणाल्या, "तिला येतं गं. पण तू विचारलंस की ती उत्तर शोधत नाही, तुझा चेहरा बघते."

 रविवारी देविकाही खाली येऊन बसली. तिचे पत्ते नव्वी आणि छक्की, म्हणजे चोपन्न. मायराने सत्ती आणि अठ्ठी उलटली आणि अडकली. देविकाने तोंड उघडलं. लीलावतीबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तशी ती थांबली. मायरा माझ्याकडेच बघत पुटपुटत होती. "सात साते फॉर्टी-नाइन, अजून एक सात... फिफ्टी-सिक्स. मम्मा, मी जिंकलो!"

'जिंकलो' नाही, 'जिंकले' : अशी चूक दिसली की सुधारायची देविकाची सवय. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "हो बाळा, जिंकलीस." आणि सगळे पत्ते गोळा करून तिच्या हातात दिले.

लीलावतीबाई आता नागपूरला परतल्यात. शुक्रवारची टेस्ट अजून असते. मायराला कधी चांगले मार्क पडतात, कधी बेताचे, पण पोट दुखत नाही. माझे कोपरे दुमडलेत, इस्पिक पंजीवर आमरसाचा डाग पडलाय, पण मी मजेत आहे. तुमच्याही कपाटात एखादा कॅट असेल. तो काढा, मुलांबरोबर जमिनीवर बसा, पत्ते उलटा आणि मग जरा गप्प राहा.