आज्ञार्थी वाक्यांचा सराव

राहीला इंग्रजी शिकवायला मी आनंदाने हो म्हटलं. मिरकरवाडा बंदरातल्या जाळी दुरुस्त करणाऱ्याची पोरगी, बारावी झालेली, आणि थेट बँकॉकला कस्टमर केअरमध्ये नोकरी! विमान शुक्रवारी. हातखंब्याच्या एजंटाने सरावाला कागद दिले होते: विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी, रोज वीस वाक्यं. तिने ती बोलून मोबाइलवर त्याला पाठवायची. मी तीस वर्षं हायस्कुलात हेच शिकवलं. निवृत्त झाल्यापासून सकाळ देवाची, संध्याकाळ कीर्तनाची. दुपार रिकामीच असे.

पहिल्या दिवशी तिचं प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं वर जायचं.

"बाई, पूर्णविराम काय ऐकू येतो? तो दाखवू कसा?"

"येतो गो, ऐकू येतो. आमचे बुवा आख्यान सांगताना मारुती लंकेत शिरला की आवाज चढवत नाहीत, खाली आणतात. मग थांबतात. मंडपातली माणसं श्वास धरून बसतात. तसं थांब. हुकूम तर असाच म्हणायचा, हळू आणि खाली."

पोरगी हुशार. दोन दिवसांत तिने तो आवाज उचलला. एजंटाचं उत्तर आलं, 'छान. आवाज अजून थंड कर.'

मंगळवारच्या कागदावर इंग्रजीत वाक्य होतं, 'तुमच्या नावावर गुन्हा दाखल आहे.' त्याखाली, 'घरात आणखी कोण आहे?'

"कस्टमर केअरवाल्यांना हे कशाला लागतं?" मी विचारलं.

"सिक्युरिटी असते वो बाई. एजंट सर म्हणाले, गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची असतात."

मी त्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि कागद परत दिला. आज ते आठवलं की जपमाळ हातातच राहते.

बुधवारी दोघींनी बोलायचा सराव होता. मी गिऱ्हाईक, ती कंपनी. एकमेकींना दिसायचं नाही असं कागदावर लिहिलेलं, म्हणून ती माजघरात गेली आणि मी ओटीवर बसले. भर दुपार, समोर रस्त्यावर माशांचे टेम्पो जात होते.

"आर यू अलोन ॲट होम?" आतून आवाज आला. हळू, खाली.

"येस," मी म्हटलं.

"क्लोज द डोअर."

मी उठले, रस्त्याकडचं दार लावलं, कडी घातली आणि परत येऊन बसले.

"डू नॉट कट धिस कॉल. डू नॉट टेल युवर सन."

त्याच वेळी माझा मोबाइल वाजला. पुण्याहून सुजयचा, माझ्या मुलाचा. या वेळेला तो रोज करतो, मी रोज उचलते. मी तो कट केला.

आतलं पुढचं वाक्य मला ऐकूच आलं नाही. मी हातातल्या फोनकडे बघत बसले होते.

"राही, थांब. बाहेर ये."

ती हसतच आली. "चुकलं काय? अगो बाई, कडी कशाला घातलीत? आणि फोन कोणाचा वाजला?"

"सुजयचा. मी कट केला."

"का?"

"तू सांगितलंस म्हणून."

ती अजून हसत होती. मग हळूहळू तिचं हसू गेलं.

"बाळ, ही नोकरी नव्हे. म्हाताऱ्या माणसांना घाबरवून लुबाडायचं काम आहे. ते तुझ्याकडून करून घेणार."

"नाय वो! आमची शमिका महिनाभर तिथेच हाय. ती काय खोटं सांगंल मला? थांबा, तिलाच विचारते."

तिने व्हिडिओ कॉल लावला. शमिका तिच्या शेजारची, लहानपणापासूनची मैत्रीण. पहिला कॉल उचलला नाही. दुसऱ्याला शमिका दिसली. पाठीमागे कोरी भिंत, केस नीट विंचरलेले.

"शमे! जेवलीस काय गो?"

शमिकाने फोनच्या वर, पलीकडे कुठेतरी बघितलं. मग म्हणाली, "येस. द फूड इज गुड."

"मराठीत बोल ना मेले! मी शुक्रवारी येतंय. येऊ ना?"

पुन्हा तिची नजर वर गेली. यावेळी जास्त वेळ. "येस. प्लीज कम. आय ॲम हॅपी." ओठ हसत होते, डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते तिने पुसलंही नाही. कॉल बंद झाला.

राही जमिनीवर बसली. म्हणाली, "मी नाय जात. पण पासपोर्ट एजंटाकडे हाय, बाई."

"पासपोर्टच आहे ना? तू तर इथे आहेस. देवाची कृपा. ते कागद नीट ठेव, पोलिसांना दाखवू. पण आधी शमिकाच्या आईला सांगायला हवं."

रिक्षात ती माझा हात धरून बसली. बंदरावर लिलाव संपत आला होता. बर्फाच्या पेट्यांशेजारी शमिकाची आई गंगुबाई टोपली धूत होती. तिने लांबूनच हाक मारली.

"काय गो राही, परवा चाललीस ना? बरं झालं आलीस. बाई, तुम्ही पण? आमची शमी रोज लिहिते हां, मजेत हाय म्हणून. पण सुक्या बोंबलाशिवाय कशी जेवत असंल कोण जाणे." तिने पदराला हात पुसले, पाटीखालून घट्ट बांधलेली पुडी काढली आणि राहीपुढे धरली. "एवढं दे तिला. सांग, आयेनं पाठवलंय."

राहीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गंगुबाई, जरा बस. खाली बस आधी."